विहिरीच्या पुढची सोळा पानं

"शेवट नाय म्हणणारा नाना कोण हाय? बाहेर या!"

माझ्या सायबर कॅफेच्या दारात लासलगावचे भाऊशेठ ओरडत होते. लिलावात ट्रॅक्टरांच्या धडधडीवर आवाज चढवून बोली लावणारा हा कांद्याचा व्यापारी. गंगापूर रोडवरच्या तीन रिक्षा आपल्यालाच हाक आली समजून जागच्या जागी थांबल्या. आतल्या कोपऱ्यातून मॉनिटरवरची नजर न हलवता उत्तर आलं, "मीच. पण थांबा, वाक्य अर्धं राहिलंय."

नानांचा आवाजही काही साधा नव्हता. एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेलेली. नानांनी "घोटी!" म्हणून हाक दिली की तिकडे घोटीत उभा भात आडवा व्हायचा, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. निम्म्यांना पटायचंही.

पण नानांची खरी ख्याती वाचनाची. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्यांनी आख्खी लायब्ररी फस्त केली होती. नियम एकच. "शेवटचं पान वाचल्याशिवाय लेखकाला शिवी द्यायची नाही," ते म्हणायचे, "आणि वाचल्यावर सोडायचं नाही." वाचून झालं की त्याच शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे: 'पुढच्या वाचकास सूचना. मधलं प्रकरण वगळल्यास कुणाचंही नुकसान नाही.' आमच्या भागात लोक पुस्तक मागून उघडायचे. नानांनी काय लिहिलंय ते बघायचे आणि मग घरी न्यायचं की नाही ते ठरवायचे.

नाना निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत मी कॅफे टाकला. वाचकांनी आपली मतं लिहायची आणि पुस्तकाला तारे द्यायचे, अशी एक साइट मी त्यांना दाखवली. ते बराच वेळ स्क्रीन खाली सरकवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे याचं शेवटचं पान भरतच नाही?" तेव्हापासून चार नंबरचं मशीन नानांचं झालं. एका बोटाने टाइप करायचे. पहिला लेख पूर्ण होत आला आणि भारनियमनात लाइट गेली, तेव्हा त्यांनी जो टाहो फोडला त्याने समोरच्या दवाखान्यातले पेशंट बरे होऊन घरी गेले.

मत लिहून झालं की खाली सही करायचे: 'नाना, गंगापूर रोड. भेट सकाळी दहा ते बारा, याच कॅफेत.' त्यांच्या हिशेबी पुढचा वाचक म्हणजे पुढच्या गल्लीतला. मी म्हटलं, "नाना, हे अमेरिकेतही वाचतात. पत्ता कशाला?"

"येऊ दे की. दहा ते बारा."

अमेरिका आली नाही, लासलगाव आलं. भाऊशेठांनी हौसेने कादंबरी छापली होती. तिच्यावर नानांनी लिहिलं होतं: 'नायक विहिरीच्या काठावर उभा राहतो आणि कादंबरी संपते. लेखकाला शेवट सुचलेला नाही. एक तारा, तोही कागद बरा आहे म्हणून.'

भाऊशेठांनी आपली प्रत की-बोर्डवर आपटली. "वरचा कांदा दाबून बोली लावता व्हय? आख्खी ट्रॉली पालथी करा की!"

नानांनी मागून पुस्तक उघडलं. विहिरीच्या पुढे सोळा पानं होती. लायब्ररीच्या प्रतीला पुठ्ठा बांधताना बाइंडरने शेवटचा फर्मा, म्हणजे नेमका हाच सोळा पानांचा जुडगा, गाळला होता आणि नाना पेन्सिल घेऊन तिथेच थांबले होते. आयुष्यभर जपलेला नियम मोडला होता, तोही जगजाहीर. नानांचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बसा," ते म्हणाले.

भाऊशेठ बसले नाहीत. टोपी हातात फिरवत उभे राहिले. मध्येच लाइट गेली, तसे नाना उठून पायरीवर उन्हात जाऊन बसले आणि सोळाही पानं सावकाश वाचली. लाइट आल्यावर लिहिलं: 'माझी चूक झाली. या कादंबरीला शेवट आहे. तो वाईट आहे. दोन तारे.'

आता इथे मुडदा पडतो, म्हणून मी महागातला मॉनिटर बाजूला ओढला.

"पण पुरी वाचली ना?" भाऊशेठांनी विचारलं.

"पुरी."

"मग झालं." जाऊन जीपमधून कांद्याची गोणी आणून त्यांनी नानांच्या पायाशी टाकली. "ठेवा. पुढच्या येळी कांद्याबिगर रडवतो."

पुढे भाऊशेठ लिहीत गेले आणि नाना तीन ताऱ्यांवर अडून बसले. "चौथा तारा घेतल्याबिगर मरायचा नाय," असं भाऊशेठ मला दर खेपेला बजावायचे, जणू तारे माझ्या गल्ल्यात होते. मग घरोघरी इंटरनेट आलं आणि माझा कॅफे बसला. ती साइटही एक दिवस उघडेना. नानांचं सगळं लिखाण गेलं. मी हळहळलो, तर मलाच म्हणाले, "लायब्ररीतली पेन्सिल आहे की अजून."

नंतर त्यांची नजर गेली. बाजाराला सुट्टी असली की भाऊशेठ यायचे आणि नव्या कादंबरीची कच्ची पानं खाटेशी बसून वाचून दाखवायचे. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "हे काढा."

नाना गेले तेसुद्धा अशाच एका दुपारी. दहाव्याला घाटावर भाऊशेठ भेटले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ऐकून झाली होती का सगळी?"

"शेवटची थोडी पानं राहिली व्हती. वाचता वाचता वर बघितलं, तर नाना गेलेले."

"मग?"

"मग काय. पुरी वाचली. मग घरच्यांना हाक मारली."