गारपिटीची मदत

परवा धरमपेठेत संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मी सावनेरच्या तहसीलसमोर, आईचा पदर धरून उभी राहिले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गारपिटीनं आमचा आणि काकांचा, दोन्ही बगीचे झोडपले होते. वडील नव्हते. आमची झाडं आईनं जगवलेली, पण सातबारा काकांच्या नावावर. त्यामुळे दोन्ही बगिच्यांची सगळी सरकारी मदत त्यांच्याच हाती पडली. ती त्यांनी तिथंच आईसमोर धरली.

"घ्या वहिनी, झाडं तुमचे हायेत."

"तुमचाबी बगीचा गेला ना, भाऊजी?"

"माह्यं मी पाहून घेईन."

तेव्हा मला वाटलं, आमचं होतं तेच मिळालं. त्या उन्हाळ्यात काकांनी आपली बैलजोडी विकली, हे मला मोठेपणी कळलं.