साहेब उन्हात उभे होते

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कुणावर काही लिहायचा अधिकार आपल्याला आहे, असं अजून वाटत नाही. त्यातून हे लिहिणं रेडा पाळणाऱ्या एका माणसावर. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पुणतांब्याच्या अलीकडे आमची वस्ती. तिथल्या नानांना तुम्ही पाहिलं असतं, तर रेड्याच्या पाठीवर हात फिरवतानाच पाहिलं असतं. मग तेलकट तळहात पुढं करायचे. "बघा, नुसता आरसा हाय!" रेड्याला ते साहेब म्हणत. सकाळी हाक जायची, "अगं, सायबांची आंगूळ व्हायचीय, च्या मागनं!" आतून नानी म्हणायची, "सायबांशीच लगीन लावायचं हुतं की."

आसपासच्या गावांतल्या म्हशी साहेबांकडे यायच्या. जनावर लोकांच्या नजरेत भरावं म्हणून नाना त्याला भादरून, तेल चोळून रस्त्याकडेला बांधत. भर दुपारीसुद्धा. काळं अंग लांबून चमकायचं.

त्या उन्हाळ्यात म्हशी गाभण राहीनात. उलटून पुन्हा माजावर येऊ लागल्या. पारावर चेष्टा सुरू झाली. "नाना, सायबांना पेन्शन द्या आता." गुरांचा एक व्यापारी येऊन रेड्याचे दात बघून गेला. नाना हसत, पण ताटातली भाकरी तशीच राहते, असं नानी माझ्या आईला सांगायची.

शेतकी कॉलेजात आम्हाला नुकतंच शिकवलं होतं : नर फार तापला की त्याचं बीज बिघडतं. वरून काही दिसत नाही, आणि सावलीत आणला तरी सुधारायला दोनेक महिने जातात. वडिलांच्या वयाच्या माणसाला हे कसं सांगायचं? बरेच दिवस घुटमळलो. शेवटी सांगितलं.

नानांनी आपले तेलकट तळहात पाहिले. मग म्हणाले, "म्हंजी मीच त्यान्ला भाजलं म्हन की." त्याच दुपारी साहेब लिंबाखाली गेले. अंगावर ओलं गोणपाट आलं.

पण आमची म्हैस त्याच उन्हात साहेबांकडूनच गाभण राहिली होती.

"आन हिच्या पोटातल्या पारडाचं?" नानांनी विचारलं. अशा बीजातून गर्भ राहिला, तर पिल्लाची वाढ कमी पडू शकते, असं सर म्हणाले होते. खात्रीनं तेही सांगत नव्हते. मी तेवढंच सांगितलं. खोटा धीर देता आला नाही.

"पारडू उठून आईला पेलं, तर सायब ऱ्हातील," नाना म्हणाले. "न्हाई तर मीच बाजार दाखवीन." पावसाळा सरला, थंडी आली, तरी त्यांनी साहेबांकडे एकही म्हैस येऊ दिली नाही. "लोकांच्या गोठ्यात लुळं पारडू घालू व्हय?" रोज येऊन आमच्या म्हशीच्या कुशीला हात लावून उभे राहत. "हाललं," म्हणत. कधी काहीच न बोलता जात. सुट्टीवर असताना असा दिवस आला, की माझा अभ्यास होत नसे.

संक्रांतीनंतर नाना छातीच्या दुखण्यानं गेले. दहावा होतो न होतो तोच व्यापारी पुन्हा आला. नानी म्हणाली, "म्हस व्यायची हाय. तवर थांबा."

मी परीक्षेसाठी होस्टेलवर होतो. वस्तीवर फोन नव्हता. एका दुपारी धाकटा भाऊ एसटीनं आला, हातात खरवसाचा डबा. पारडू जगलं-न जगलं तरी खरवस होतोच. मी डबा घेईना.

"पारडी झाली, दादा. लई बारकी हाय. उठती आन पडती."

"मग?"

"मग नानी आली. तिनं हात न्हाई लावला, नुसती बघत हुती. पारडी थरथरत उठली आन पेली की! मग नानीनं तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मला म्हनली, जा, त्या व्यापाऱ्याला सांगून ये, सायब विकायचे न्हाईत."