पाठीमागे चांगलं बोलणारी गल्ली

"चुकलं म्हण."

"चुकलंच नाही, तर म्हणू कशाला?"

"चाळीस खुर्च्या, ताई! चाळीस! बाई स्वतःच्या पायांनी चालत गल्लीत आली, आणि हात हलवत परत गेली!"

"तुझ्या दारात ती दोनदा आली होती. दोन्ही वेळा तूच तिला वाटेला लावलंस."

"वाटेला नाही लावलं. सुताराकडे पाठवलं. तुझाच नियम ना? आपल्या तोंडानं आपलं कौतुक करायचं नाही म्हणून?"

"कौतुक करू नको म्हटलं होतं मी. तोंड शिवून घे असं कधी म्हटलं?"

हे माझे बाबा, आणि जिची गोष्ट मी सांगतेय ती ही माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. भांडण चाललं होतं आत्याच्या बटणांच्या दुकानात. हे दुकान इतकं अरुंद, की दोघांना भांडायचं झालं तर एकाला काउंटरच्या आत जावं लागतं. बाबा चुकून आत गेले होते आणि आत्या गिऱ्हाइकाच्या जागी उभी होती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं, बटणं परत करायला आलेली कुणी बाई दुकानदाराला झापतेय. बाबांच्या केसांत फोमचा चुरा होता. ते गादीकाम करतात, म्हणजे सोफे, खुर्च्या, बाकं यांना फोम घालून कापड चढवतात. रागावले की मान झटकतात, आणि मान झटकली की त्यांच्याभोवती बर्फ पडल्यासारखं होतं. त्या रागालाही मग फार वजन राहत नाही.

"ते जाऊ दे," बाबा म्हणाले. "मी ठरवलंय. उद्या संध्याकाळी सहाला सही करतोय."

"कशावर?"

"हमरस्त्यावरच्या संकुलात गाळा मिळतोय. पुढून सगळी काच."

आत्या गप्प झाली. आत्या गप्प झाली की आमच्या घरात लोक घड्याळात बघतात, कारण ते फार वेळ टिकत नाही. या वेळी टिकलं. गल्लीत दुकानं अकरा. त्यातली सहा बाबांच्या हातावर चालतात; उदाहरणार्थ, सुतार त्यांच्यासाठी सांगाडे करतो, पॉलिशवाला ते चमकवतो, फोमवाला फोम देतो, आणि आत्याकडचं कापडी बटणं दाबायचं यंत्र सोफ्यांच्या पाठीसाठीच दिवसभर खटखटत असतं. बाबा गेले, की ही गल्ली म्हणजे नुसती शटरं.

आता आत्याबद्दल. दुकान मुळात तिच्या यजमानांचं. त्यांनी हौसेनं काढलं आणि तीन महिन्यांत त्यांची हौस फिटली. "बटणं मोजून मला रात्री स्वप्नात चार भोकं दिसतात," असं म्हणून ते एका गोदामात कारकून म्हणून लागले आणि सुखी झाले. आत्यानं गल्ला उघडला तर आत रबरबँड. तिनं भिंतीभर ड्रॉवर लावून घेतले, प्रत्येकावर नमुन्याचं एकेक बटण चिकटवलं, आणि मग दारात स्टूल टाकून गल्लीकडे बघत बसली. तिनं जे पाहिलं ते तिच्याच शब्दांत असं: "अकरा दुकानं, बावीस तोंडं."

तेव्हा गल्लीची रीत सोपी होती. शेजाऱ्याचा माल कसा भिकार आहे ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, मग स्वतःचा दाखवायचा. फोमवाल्याबद्दल पॉलिशवाला सांगायचा, की त्याच्या फोममध्ये उंदरांचा संसार आहे. पॉलिशवाल्याबद्दल फोमवाला सांगायचा, की त्याचं पॉलिश पँटला लागून घरी येतं. गिऱ्हाईक दोघांचंही खरं मानायचं आणि तिसरीकडे जायचं. हे तिसरं दुकान नेहमी दुसऱ्याच गावात असायचं.

आणि सुतार आणि बाबा तर नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय? भुसा. सुतारानं रंधा मारला, वारा आला, आणि भुसा बाबांच्या मखमलीवर जाऊन बसला. मखमल गिऱ्हाइकाची होती. एवढंच. पण काम थांबलं नाही हं. सुतार सांगाडा करून बाबांच्या दारात ठेवून जायचा आणि बाबा तो मान वर न करता आत घ्यायचे. नऊ वर्षं दोन शहाण्या माणसांनी मिळून शेकडो खुर्च्या केल्या, एक शब्द न बोलता. आत्या म्हणायची, "लग्न असतं तर लोकांनी आदर्श जोडपं म्हटलं असतं."

तिनं सुरुवात केली ती धाकदपटशानं. एके दिवशी बाबा मोठ्या सोफ्यासाठी साठ बटणं दाबून घ्यायला आले. आत्यानं यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाली, "देते. आधी तुझ्या दुकानात बसलेल्या त्या गृहस्थांना सुताराकडे घेऊन जा आणि त्यांच्यासमोर सांग, की हा माणूस काम चांगलं करतो."

"मरेन, पण सांगणार नाही."

"मर. पण बटणं मरायच्या आधी लागणार असतील तर सांग."

असं यंत्र पंचक्रोशीत एकच. बाबा गेले. सुताराच्या दारात उभं राहून, भिंतीकडे बघत, कुणीतरी मानेवर सुरी ठेवल्यासारखं म्हणाले, "हे चांगलं काम करतात." सुताराच्या हातातली पटाशी खाली पडली. त्या गृहस्थांना त्यानं असं कपाट करून दिलं, की ते कपाट बघायला त्यांचे शेजारी आले आणि तेही गिऱ्हाईक झाले.

मग आत्यानं नियमच केला. आपल्या मालाबद्दल आपण बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या मालाबद्दल बोलायचं. गिऱ्हाइकाला नुसतं बोट दाखवून पाठवायचं नाही, सोबत चालत जायचं. तिनं कापडी पट्ट्या छापून घेतल्या, 'या गल्लीत झालं' एवढ्याच शब्दांच्या. त्या प्रत्येक वस्तूच्या खाली लागायच्या, पण ज्यानं वस्तू केली त्यानं लावायच्या नाहीत. शेजाऱ्यानं तपासायचं आणि मगच लावायची.

"आणि त्यानं मुद्दाम नाही लावली तर?" फोमवाल्यानं विचारलं होतं.

"तर तूही त्याची लावू नकोस. बघू कोण आधी उपाशी मरतं."

कुणी मेलं नाही. वर्षभरात गल्लीला असा काही गर्व चढला, की लाज वाटावी. आमची माणसं दवाखान्यात गेली तर डॉक्टरांच्या आधी बाकाखाली वाकून बघायची. पॉलिशवाला एकदा साडूच्या घरी जेवायला गेला आणि पानावर बसायच्या आधी टेबलाखाली शिरला. पट्टी सापडली तेव्हा तो आतूनच ओरडला, "आपलं आहे, आपलं!" साडूला वाटलं, घर वाटून मागतोय.

एकंदरीत ही अशी गल्ली झाली, जिथं लोक तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल चांगलं बोलतात.

आणि मग आल्या वाचनालयाच्या बाई. नवं वाचनालय होतं, त्यांना बसायला चाळीस खुर्च्या हव्या होत्या. बाई बाबांकडे आल्या.

"खुर्च्या करता ना तुम्ही?"

"मी नुसतं कापड चढवतो हो. खुर्ची म्हणजे सुताराची. चला, दाखवतो."

सुतार म्हणाला, "मी काय, चार लाकडं जोडतो. खुर्चीला खुर्चीपण येतं ते पॉलिशनं. या."

पॉलिशवाला म्हणाला, "आमचं सगळं वरवरचं, बाई. माणूस बसतो ते फोमवर."

फोमवाला म्हणाला, "फोम कुणीही देईल. तो बसवणारा हात पाहिजे," आणि मोठ्या प्रेमानं त्यांना पुन्हा बाबांच्या दारात आणून सोडलं.

बाबा म्हणाले, "अहो, मघाशीच नाही का सांगितलं? सुतार!"

बाईंनी एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा आपल्या चपलांकडे, आणि त्या निघून गेल्या. चौघांनाही संध्याकाळपर्यंत वाटत होतं, की ऑर्डर दुसऱ्याला मिळाली, आणि चौघंही एकमेकांसाठी खूश होते. घोटाळा कळला तेव्हा बाबा तडक बटणांच्या दुकानात शिरले आणि चुकून काउंटरच्या आत गेले. तेच ते भांडण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दुकान उघडं टाकून वाचनालयात गेली. मी सोबत होते. बाई जमिनीवर बसून पुस्तकांना नंबर लावत होत्या, कारण खुर्च्या नव्हत्या.

"तुम्हाला काम नको असेल असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "इतकी नम्र माणसं मी फक्त काम टाळताना पाहिलीत."

"नम्र?" आत्या म्हणाली. "एकेकाचा माज बघाल तर घाबराल. माझ्यामुळं दबलेत बिचारे. दुपारी या. आज चालायचं नाही, नुसतं बसायचं."

दुपारी बटणांच्या दुकानात माझ्यासह सात माणसं आणि सगळ्यांच्या हाताखालून गेलेली एक खुर्ची असा ऐवज कोंबला गेला. पॉलिशवाल्याचं कोपर ड्रॉवरला लागून हुकांचा डबा सांडला. कुणी वाकून गोळा करू शकेना, कारण वाकायला जागा नव्हती. बाई खुर्चीत बसल्या. मागे रेलल्या. खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "छान आहे. पण मला एक माणूस हवा. उद्या पाय हलला, कापड फाटलं, तर मी कुणाला धरू? कालच्यासारखी फेरी नको."

चौघांनी बाबांकडे बोट दाखवलं. त्यात आत्याही होती.

"मला का?" बाबा म्हणाले. "मी कापडवाला."

"सांगू का?" सुतार म्हणाला. तो शक्यतो बोलत नाही. बोलला की खिळा ठोकल्यासारखा एकेक शब्द येतो. "बाई, आम्ही नऊ वर्षं बोलत नव्हतो. सांगाडा मी ह्याच्या दारात ठेवायचो. सांधा जरा कमी बसला असला, की दुसऱ्या दिवशी तो सांगाडा माझ्या दारात, आणि नेमक्या त्या सांध्यावर खडूची फुली. काही बोलणं नाही, चिठ्ठी नाही. नुसती फुली. मी शिव्या घालायचो. सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा."

"आम्हाला ऐकू यायच्या," फोमवाला म्हणाला.

"मग सांधा उघडून बघायचो. फुली बरोबर असायची. नऊ वर्षांत एकदाही चुकली नाही, मेल्याची. माझं काम सुधारलं ते त्या फुल्यांनी." तो थांबला. "हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. नेहमी सांगतो."

"मला कधी नाही सांगितलंस," बाबा म्हणाले.

"तुला कसं सांगणार? नियम गिऱ्हाइकाला सांगायचं असा आहे."

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी मान झटकली नाही, म्हणून बर्फही पडला नाही. बाईंनी तेवढ्यात पिशवीतून ऑर्डरचा कागद काढून खुर्चीच्या हातावर ठेवला, बाबांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "पत्ता?"

बाबा पेनाच्या टोकाकडेच बघत राहिले. पॉलिशवाल्याला वाटलं, बाबांना पत्ता आठवत नाही, म्हणून तोच सांगू लागला, "लिहा, बटणांच्या दुकानासमोर—"

"थांब," बाबा म्हणाले. "मी आज संध्याकाळी सही करतोय. हमरस्त्यावरच्या गाळ्याची."

"काचेच्या?" फोमवाला म्हणाला.

"काचेच्या."

"म्हणजे तू आत शिंकणार आणि बसमधले लोक बघणार?" पॉलिशवाला हसला, पण त्याच्यासोबत कुणी हसलं नाही म्हणून त्यानं ते खोकल्यात ढकललं.

सुतार खाली सांडलेल्या हुकांकडे बघत म्हणाला, "मग सांगाडे कुठं ठेवू मी? तिथं दारात ठेवू देतील?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मी संध्याकाळपर्यंत थांबू शकते," त्या म्हणाल्या. "पण मला पत्ता लागेल."

आत्या इतका वेळ काउंटरच्या आत होती. ती बाहेर आली. खरं तर येता येईना, म्हणून फोमवाल्याला रस्त्यावर ढकलून आली आणि बाबांच्या पुढ्यात उभी राहिली. ती त्यांच्या खांद्याला लागते. तरी बाबा तिच्याशी बोलताना वर बघितल्यासारखे बघतात.

"काचेचं मला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "काल तू 'चुकलं म्हण' म्हणालास ना? म्हणते. चुकलं. वर्षभर अख्खी गल्ली तुझ्याबद्दल बोलत होती आणि तुला एक अक्षर ऐकू आलं नाही, ते माझ्यामुळं. मला वाटलं, तुला माहीत असेल. मूर्ख आहे मी. तू त्याहून मूर्ख आहेस, पण ते नंतर बघू. आता एवढंच सांग. तुला खरंच जायचंय, की कुणीतरी 'थांब' म्हणायची तू वाट बघत होतास?"

बाबांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सुताराकडे जरा जास्त वेळ. मग खुर्चीच्या हातावरचा ऑर्डरचा कागद उचलला, घडी घालून वरच्या खिशात टाकला, पॉलिशवाल्याला बाजूला सारलं आणि दुकानातून बाहेर पडले. संध्याकाळी सहाला तो कागद वाचनालयात पोचला, आणि पत्त्याच्या जागी बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'बटणांच्या दुकानासमोर'.