साडूंची केशरी बदकीण

खरं बोलण्यापायी अख्ख्या रोह्यात सगळ्यांत जास्त चेष्टा कुणी सोसली असेल, तर ती माझ्या थोरल्या साडूंनी. आणि त्या चेष्टेत अर्धा वाटा माझा होता. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

कंपनीतून निवृत्त होताच साडूंनी मँडरिन जातीच्या बदकांची जोडी आणली. नर केशरी-जांभळा, पंखांवर शिडासारखी दोन पिसं उभी. मादी साधी राखाडी. परसात सिमेंटची टाकी बांधली, मुंगसाच्या भीतीने वर जाळी घातली. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की टाकीचं पाणी बदलायचं, मग भिजवलेले भाताचे दाणे आणि हिरवा पाला. बदकांना पाव टाकणाऱ्या पाहुण्याला त्या घरात चहा मिळत नसे. मे महिन्यात घरातला एकुलता टेबलफॅन टाकीकडे तोंड करून चाले आणि आम्ही सासरची मंडळी पुठ्ठ्याने वारा घेत बसू. माझी मेव्हणी सांगायची, "मला ताप आला तर हे पहिलं काय विचारतात? बदकांजवळ गेली नव्हतीस ना गो!"

पुढे नर म्हातारा होऊन गेला. साडूंनी तीन दिवस दाढी केली नाही. आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी मादीच्या राखाडी गालांवर केशरी झुपके उगवले. साडूंनी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हातारपणी एखाद्या बदकिणीला नराची पिसं येतात. साडूंनी हे आनंदाने गल्लीभर सांगितलं. विश्वास कुणीच ठेवला नाही. कारण मी. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो.

"पेणचा साडू असला की कावळ्याचाबी मोर व्हतो!" एकदा रोह्याला साडूंबरोबर नाक्यावर गेलो तेव्हा तिथला किराणावाला म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण तीस वर्षं मूर्ती खपते ती मालकाच्या नावावर. माझ्या हाताचं कौतुक चारचौघांत पहिल्यांदाच होत होतं. मी फक्त हसलो.

"रंग नाय ना? मग साबणानं धुऊन दाखवा!" किराणावाला हटेना.

साडूंचा चेहरा उतरला. "पिसांचं तेल गेलं तर ती पाण्यात बुडंल. त्यापेक्षा मला खोटा म्हणा."

लोकांनी म्हटलं. बाजारात निघाले की कुणी विचारी, "आमची म्हैस पांढरी करून द्याल का?" ज्या माणसाने सबंध नोकरीत हजेरीची वेळसुद्धा कधी खोटी लिहिली नाही, तो मान खाली घालून भाजी आणू लागला. मी पेणला गप्प.

दिवाळीच्या तोंडावर बदकिणीच्या पंखांची पिसं गळली आणि नवं पीस ज्यात गुंडाळून येतं त्या बंद नळ्या उगवल्या. साडूंनी सगळी गल्ली बोलावली, मलाही, खुर्च्यासुद्धा मांडल्या. टॉवेलात बदकीण धरून त्यांनी पंख उघडला. किराणावाल्याने चष्मा लावून नाक अगदी पिसाला टेकवलं. एक नळी टोकाशी उकलली होती, आणि आत घडी घातलेलं, कुणाचा ब्रश पोचणारच नाही असं लखलखीत केशरी.

"आयला! ह्ये तर आतूनच हाय!"

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, किराणावाल्याने स्वतःच्या दुकानातले पेढे वाटले आणि साडूंच्या पाया पडला. साडू बदकीण काखेत घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत असे मिरवून आले की नवरदेवानेही लाजून घोड्यावरून उतरावं.

गर्दी पांगल्यावर टाकीपाशी मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी हसलो..."

"तू रंगवली नाय हे मला ठाऊक होतं," बदकिणीवरची नजर न काढता ते म्हणाले. "तुझा केशरी नेहमी जरा पिवळ्यावर जातो."

मला हसू आलं. तेही हसले. मग हळूच म्हणाले, "पण तू बोलशील असं वाटलं होतं. नाक्यावरून घरी येईस्तोवर वाटत होतं."

एवढं बोलून त्यांनी बदकीण माझ्या हातात दिली. ती इतकी हलकी असेल याची मला कल्पना नव्हती.