पहिला रामराम

देवासात एके काळी अशी कुजबूज होती की थोरल्या पातीचे जगदेवराव धाकट्या पातीला फुटले. रोज सकाळी कुत्रा फिरवायचं निमित्त करून टेकडीच्या मागच्या वाटेनं जातात, वळणावरच्या चौकीपाशी थांबतात, शत्रुपक्षाच्या नायकाला वाकून काहीतरी सांगतात आणि मगच वर चढतात. भवानीबाईंनी तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता भवानीबाईंचे डोळे म्हणजे काय होते ते जुन्या देवासकरांना सांगायला नको. त्यांची चूल थोरल्या पातीत आणि न्हाणीघर धाकट्या पातीत, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या बातम्या त्यांना घरबसल्या मिळायच्या. कमी पडल्या तर त्या पदरच्या घालायच्या.

देवासचं त्या वेळचं त्रांगडं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. गाव एक, राज्यं दोन. एकाच घराण्याच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाचा दिवा यांचा, त्या अंगाचा त्यांचा. माताजीची टेकडीसुद्धा वाटून घेतलेली. अशा गावात कोण कोणाच्या पुढे चालतो हा प्रश्न पोटापाण्याच्या प्रश्नाहून मोठा असतो, आणि थोरल्या दरबारात तो प्रश्न सोडवायचं काम जगदेवरावांकडे होतं. दसऱ्याच्या स्वारीत कोणाचा घोडा पुढे, विडा आधी कोणाला, अत्तर कोणत्या मनगटाला पहिल्यांदा लावायचं, हे सगळं त्यांच्या जिभेवर. माणूस सज्जन, पण मानपानाच्या बाबतीत इतका काटेकोर की घरी पाटावर बसतानाही आपण नेमके कोणाच्या उजव्या हाताला बसतो आहोत ते बघून घ्यायचा. घरात माणसं दोनच. ते आणि उमाबाई. मूलबाळ नव्हतं.

तिसरा म्हणाल तर हळद्या. उमाबाई एकदा माहेरून, पीपलरावां गावाहून, परत येत होत्या तेव्हा हे पिवळं पिल्लू बैलगाडीमागून चालत आलं. हाकललं, ढेकूळ मारलं, तरी आलंच. उमाबाई म्हणाल्या, "माहेरचं माणूस आहे, राहू दे." राहिलं.

या हळद्याला पातीबितीची पर्वा नव्हती. सकाळी उठला की मागच्या वाटेनं टेकडी चढायचा आणि जेवणवेळेला अंगभर गोखरू आणि कुसळं घेऊन घरी यायचा. उमाबाई ओट्यावर बसून ती एकेक वेचायच्या. त्यांना दमा होता, लांब जाता येत नसे, पण वेचता वेचता त्या टेकडीची बातमी सांगायच्या. "आज स्वारी बोरीच्या जाळीत शिरली होती बरं का. आणि हे गवत सपाट धोंड्याजवळचं. तिथं ऊन खात पडला असेल लबाड."

त्या वर्षी पावसाळ्यात दम्यानं उमाबाईंना फार छळलं. दिवाळीनंतर जरा उतार पडला तेव्हा वैद्य म्हणाले, सकाळचं ऊन घ्या, थोडं चाला. उमाबाईंच्या मनानं लगेच उडी घेतली.

"अहो, आपण एकदा वर जाऊ या ना. त्या सपाट धोंड्यापर्यंत. मागची वाट सोपी आहे म्हणतात, चढ बेताचा. हळद्या वाट दाखवील. दशम्या घेऊ, लसणाची चटणी घेऊ, उन्हात बसून खाऊ नि परत येऊ."

"काय दिसतं तिथून?"

"पीपलरावांकडचं आभाळ."

"आभाळ इथूनही दिसतं."

"इथून तुमच्या दरबाराचं दिसतं," उमाबाई म्हणाल्या.

जगदेवरावांनी होकार दिला. मनापासून दिला, त्यात खोट नव्हती. पण होकार दिल्यावर ते तयारीला लागले, आणि तिथंच सगळं बिघडलं. ज्या माणसानं जन्मभर स्वाऱ्या काढल्या तो बायकोबरोबर नुसता टेकडीवर कसा जाईल? आधी छत्री कोणी धरायची हा प्रश्न. मग पाण्याची सुरई. मग कुत्रा पुढे चालणार की मागे?

"पुढेच चालणार, वाट त्याला माहीत आहे," उमाबाई म्हणाल्या.

"लोक बघतात. कुत्रा पुढे आणि मी मागे, शोभत नाही."

"मग असं करा, पगडी त्याला बांधा आणि तुम्ही शेपटी हलवत मागून या."

यावर जगदेवराव हसले. बायकोपुढे ते हसायचे, दरबारात हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. दशम्यांचं पीठ मळायची वेळ आली असती त्याच आठवड्यात. पण मध्ये ते वळण आलं.

मागची वाट अर्ध्यावर गेल्यावर एका वळणापुरती धाकट्या पातीच्या हद्दीतून जायची. जेमतेम एवढीशी जागा, दोन म्हशी उभ्या राहतील इतकी. पण तिथं त्यांची चौकी होती आणि चौकीवर मल्हारराव नाईक. रिवाज असा की दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकणाऱ्यानं तिथल्या चौकीला पहिला रामराम करायचा. थोरल्या दरबारच्या मानपानाच्या कारभाऱ्यानं धाकट्या पातीच्या नायकाला पहिला रामराम करायचा! हे जगदेवरावांना पटण्यासारखं नव्हतं.

तसा गावानं यावर तोडगा काढलेला होता. थोरल्या पातीची पगडी येताना दिसली की मल्हारराव पाठ फिरवून चिलीम भरायला बसायचे. पगडी निघून जायची, चिलीम भरून व्हायची. कोणी कोणाला पाहिलंच नाही, मग रामराम कसला? सगळं देवास त्या वळणावरून असंच ये-जा करत होतं.

उमाबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. "तो पाठ फिरवतो हो. सगळे जातात."

"मला पाठ दाखवणार? तो तर रामराम करण्याहून मोठा अपमान."

"मग करून टाका रामराम. जीभ झिजते का?"

"माझी नाही, थोरल्या पातीची झिजते," जगदेवराव म्हणाले. आणि ते गंभीरपणे म्हणाले, हीच तर गंमत. गंमत म्हणायची आपली सवय, एवढंच.

मग त्यांना एक युक्ती सुचली. वळण टाळून, आपल्याच हद्दीतून नवी पायवाट काढायची. तिथं घाणेरीचं रान आणि उभा चढ. माणसं लावली, काटे तोडवले, दगड बसवले. उमाबाई रोज विचारायच्या, "झाली का हो तुमची सडक?" मार्गशीर्षाचं छान कोवळं ऊन ओट्यावर येऊन परत जात होतं. हळद्या जुन्या वाटेनं जायचा, यायचा. उमाबाई गोखरू वेचायच्या आणि त्याला म्हणायच्या, "तुझं बरं आहे रे बाबा, तुला पगडी नाही."

एकदा भवानीबाई सहज डोकावल्या. "काय उमाबाई, वर जाणार होतात ना? म्हटलं स्वारी निघाली की अक्षता घेऊन उभी राहीन."

"मुहूर्त निघायचाय," उमाबाई म्हणाल्या. नवऱ्याची बाजू त्यांनी कधी सोडली नाही.

संक्रांत झाली आणि वाट तयार झाली. त्या सकाळी उमाबाईंनी इरकली लुगडं नेसलं, दशम्या फडक्यात बांधल्या. ऊन लख्ख पडलेलं होतं. हळद्या आधी नेहमीच्या वाटेला लागला, मागे वळून पाहिलं, ही माणसं भलतीकडेच निघालेली पाहून बुचकळ्यात पडला आणि धावत परत आला. नव्या वाटेवर मात्र तो पुढे जाईना. उमाबाईंच्या पायापायांतून चालू लागला.

चढ उभा होता. उमाबाई थोडं चढल्या, थांबल्या. पुन्हा चढल्या. मग एका दगडावर बसल्या आणि त्यांचा श्वास सापडेना. जगदेवराव समोर उभे, हातात सुरई. खाली चौकीच्या वळणावर सोपी वाट उन्हात पसरलेली दिसत होती. मल्हारराव तिथं उभे राहून वर बघत होते. त्यांनी हात वर करून काहीतरी ओरडून सांगितलं. इकडे या, इकडून या, असंच असावं. जगदेवरावांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण उत्तर दिलं नाही.

"परत जाऊ," थोड्या वेळानं उमाबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळेला येऊ."

दशम्या घरी ओट्यावर बसून खाल्ल्या. उमाबाई म्हणाल्या, चटणी छान झालीय. जगदेवरावांनी मान हलवली.

त्यानंतर थंडी पुन्हा कडाक्याची पडली आणि दमा बळावला. उमाबाई अंथरुणाला खिळल्या. हळद्या उशाशी येऊन उभा राहायचा आणि त्या पडल्या पडल्या हातानं चाचपून त्याचे गोखरू काढायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मी एकटी गेले असते हो याच्याबरोबर. त्यात काय होतं? पण मला तुमच्याबरोबर जायचं होतं."

जगदेवराव म्हणाले, "बरी हो. मग नक्की."

होळीच्या आधी उमाबाई गेल्या.

दिवसकार्य झालं. उमाबाईंच्या माहेरची माणसं येऊन गेली. घर रिकामं झाल्यावर एके दिवशी हळद्या टेकडीवरून आला आणि ओट्यावर ठरलेल्या जागी जाऊन बसला. अंगभर कुसळं. वेचणारं कोणी येईना, तो हलेना. जेवायला घातलं तर बघेना. शेवटी जगदेवराव पगडी उतरवून त्याच्याजवळ बसले आणि एकेक गोखरू काढू लागले. बोटांना टोचत होते. हे कुठल्या झुडपाचं, ते कुठल्या धोंड्याजवळचं, काही कळत नव्हतं. सांगणारी गेली होती.

दुसऱ्या सकाळी ते हळद्यामागून निघाले. जुन्या वाटेनं. कुत्रा पुढे, ते मागे. ओट्यावर दात घासत असलेल्या भवानीबाई राखुंडी तशीच तोंडात ठेवून बघत राहिल्या.

वळणावर मल्हाररावांनी थोरल्या पातीची पगडी पाहिली आणि रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून चिलीम काढली. हळद्या त्यांच्या पायाला अंग घासून पुढे गेला. जगदेवराव मात्र थांबले.

"मल्हारराव," ते म्हणाले, "रामराम." आणि वाकले.

मल्हाररावांच्या हातातली चिलीम पडली. "अरे रावसाहेब! असं नका हो करू. रामराम, रामराम. मी तर इकडं पाहतच नव्हतो."

"तुम्ही हाक मारली होती त्या दिवशी."

मल्हाररावांनी खाली पाहिलं. "बाईंना चढ झेपत नव्हता, भैया. दिसत होतं. म्हटलं रामराम गेला खड्ड्यात, इकडून घेऊन जा. दोन पावलांची तर जागा आहे."

"हो," जगदेवराव म्हणाले. "दोन पावलांचीच आहे."

ते वर गेले. वाट खरोखरच सोपी होती. सपाट धोंड्यावर ऊन तापत होतं, हळद्या जाऊन आपल्या जागी लवंडला. पूर्वेकडे पीपलरावांकडचं आभाळ होतं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. जगदेवराव बराच वेळ पाहत बसले.

मग ते रोजच जाऊ लागले, आणि रोज वळणावर थांबून पहिला रामराम करू लागले. मल्हारराव संकोचानं अर्धमेले होत. एकदा त्यांनी आधीच रामराम घातला तर जगदेवराव रागावले, म्हणाले, "माझा आहे तो." भवानीबाईंनी पदर खोचून कामाला सुरुवात केली होती. वाकणं म्हणजे खबर, कुत्रा म्हणजे निमित्त, टेकडी म्हणजे खलबतखाना. गोष्ट दरबारापर्यंत गेली. सोबतीच्या लोकांनी चिमटे काढले, "काय राव, तिकडचा विडा गोड लागतो म्हणे?" जगदेवरावांनी खुलासा केला नाही. दसऱ्याआधी त्यांनी मानपानाचं काम आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिलं. कारण विचारलं तर म्हणाले, तब्येत बरी नसते. त्यावर गाव म्हणालं, बघा, पकडला गेला.

हळद्या म्हातारा होऊन गेला, तरी जगदेवराव जातच होते. गोखरू मग त्यांच्याच धोतराला लागायचे.

ते फुटले नव्हते. त्यांनी कोणाला कसलीही खबर दिली नाही. उमाबाईंना त्या धोंड्यापर्यंत जायचं होतं, आणि एका रामरामासाठी जगदेवरावांनी त्यांना नेलं नाही.