‘गाडी सोडा’ या दोन शब्दांविषयी

त्या बनावटीच्या गाड्या आमच्या भागात दोनच होत्या. एक साताऱ्यात माझ्याकडे आणि दुसरी पलूसकडच्या एका ऊसबागायतदाराकडे. दोन माणसांपुरती, वर उघडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी अशी ती विलायती गाडी मूळची शर्यतींच्या हौशीसाठी केलेली होती आणि माझ्या हाती आली तेव्हाच तिची उमेद सरलेली होती. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने ती मला विकली. नवे भाग युद्ध सुरू झाल्यापासून येत नव्हते आणि युद्ध संपल्यावरही आले नाहीत. त्यामुळे दोहोंपैकी एक गाडी मेली की तिचे अवयव दुसरीला लागू पडणार, ही गोष्ट उघड होती. आम्हा दोघांनाही ती ठाऊक होती आणि दोघेही ती बोलून दाखवत नव्हतो. न बोललेल्या गोष्टीला जो वास येतो, तो आमच्या ओळखीला पहिल्या दिवसापासून होता.

हा बागायतदार लष्करात मोटारविभागात हवालदार होता आणि निवृत्तीनंतरही सगळे त्याला हवालदारच म्हणत. वयाने तो माझ्याहून बराच मोठा होता. मी साताऱ्याच्या कोर्टात नवा वकील होतो. आमची गाठ घालून दिली ती सांगलीच्या एका डॉक्टरांनी. त्यांच्याकडेही जुनी उघडी गाडी होती, पण निराळ्या बनावटीची आणि जरा बड्या घरची. कऱ्हाड दोन्हीकडून मध्यावर पडते, म्हणून पेट्रोलची कुपने उरतील त्या रविवारी आम्ही तिघे तिथे जमत असू. नदीच्या अलीकडे एक चहाचे हॉटेल होते. त्याच्यासमोर चिंचेखाली गाड्या उभ्या करायच्या, बॉनेट उघडायची आणि एकमेकांना शहाणपण शिकवायचे, असा तो परिपाठ.

त्या शहाणपणाचा मला उपयोग झाला, हे आज कबूल केले पाहिजे. पेट्रोल सांबराच्या कातड्यातून गाळून घ्यावे, म्हणजे त्यातले पाणी मागे राहते, हे मला डॉक्टरांनी सांगितले. चाकांच्या सैल झालेल्या तारा मोटारवाल्याकडे न नेता सायकलवाल्याकडून ताणून घ्याव्यात, हे हवालदारांनी. लष्कराचा जुना माल तेव्हा ढिगांनी विकला जात होता. त्यातल्या ताडपत्रीचे टप, ट्रकचा डायनामो, कॅनव्हासचे पट्टे असे काय काय आमच्या गाड्यांना चढले. हवालदारांनी तर लोहाराकडून आपल्या बॉनेटला दोन्ही अंगांनी उभ्या फटी पाडून घेतल्या होत्या. माझ्या गाडीलाही तशाच पाडून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या गाडीचा रंग अजून मूळचा होता. तो बिघडावा यात त्यांचा काय लाभ, याचा विचार करीत मी तो आग्रह टोलवीत राहिलो.

कारण ते माझी गाडी पाहत तो प्रकारच मला खटकत असे. डॉक्टर गाडीकडे पाहत ते पाहुण्यासारखे, दोन पावले मागे उभे राहून. हवालदार तिच्याभोवती फिरत, चाक धरून हलवत, तेलाची पट्टी काढून नाकाशी नेत, एंजिनाच्या बुडाला हात लावून बोटे चोळत. खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात मोजते, तसा तो हात होता. मग एखादा प्रश्न येई. मागच्या चाकांचा दांडा बदललाय का, मॅग्नेटो मूळचाच हाय का, साहेबानं कवा एंजिन खोललं हुतं. मी उत्तरे देई, पण साक्षीदार जशी उलटतपासणीत देतो तशी, विचारले तेवढीच.

हा संशय केवळ माझ्या स्वभावाचा दोष होता असे म्हणून मला सुटता येणार नाही, पण काळही तसाच होता. बेचाळीसनंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोण कुणाची बातमी कुणाला पुरवील याचा भरवसा राहिला नव्हता. ती धामधूम ओसरली, तरी शब्द ऐकण्याआधी बोलणाऱ्याचा हेतू ऐकायची खोड मागे उरली. शिवाय माझा धंदा तोच. शिराळ्याकडचा, पलूसकडचा साक्षीदार पिंजऱ्यात येई, त्याच्या एका शब्दाचे दोन अर्थ निघत आणि त्यातला पक्षकाराच्या सोयीचा अर्थ मी उचलून धरी. गावाकडची बोली आपल्याला पुरती कळते, असा मला अभिमान होता.

गाडीचे मुख्य दुखणे एकच होते. यवतेश्वरचा चढ आला की ती उकळू लागे. साताऱ्यात गाडीची परीक्षा यवतेश्वराच्या घाटातच होते. जी गाडी तो घाट चढत नाही, तिला घोड्याच्या टांग्यापेक्षा जास्त मान नाही. ज्या साहेबाने मला गाडी दिली, तो पत्नीला शेजारी बसवून कासच्या पठारापर्यंत जात असे, असे लोक सांगत. मी मात्र दुसऱ्या वळणावरच वाफेच्या ढगात उभा असे आणि खाली उतरणारे गवळी मला वळसा घालून जात.

एका रविवारी कऱ्हाडला मी हे दुखणे दोघांपुढे ठेवले. डॉक्टर म्हणाले की घाटात थांबणे हीच चूक आहे. वेग धरून ठेवावा, म्हणजे वारा लागतो आणि पाणी निवते. त्यांची गाडी तशीच चढत असे. हवालदारांनी बशीतला चहा फुंकून संपवला. मग म्हणाले, “आवं वकीलसाहेब, घाट म्हंताय न्हवं? मग गाडी सोडा.”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा सरळ होता.

“मला ती सोडायची नाही,” मी म्हणालो.

“न्हाई सोडली तर मरंल की ती. मग माझ्याच दारात आणाल.”

बोलणे दुसरीकडे गेले. हवालदार उठून आपल्या गाडीत हवा भरायला गेले, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे झुकून म्हणाले, “ऐकलंत ना? आज तोंडाने बोलला. जपा हं.” आता आम्ही दोघे एका मताचे झालो होतो आणि दोघांचे एकमत हा कोर्टात जसा पुरावा धरला जातो, तसा मी तो मनात धरला.

परतीच्या वाटेवर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा उलगडून पाहिले. घाट चढायचा असेल तर ही गाडी सोडून द्या. नाही दिलीत तर ती मरेल आणि मग भंगार म्हणून माझ्याच दाराशी याल. यात दुसरा अर्थ मला दिसेना. उलट आजवरचे सारे प्रश्न, तो तेलाचा वास, तो बॉनेटला फटी पाडण्याचा आग्रह, सगळे त्या एका वाक्याभोवती शहाण्यासारखे येऊन बसले.

पुढच्याच रविवारी मी घाटाला गाडी घातली. डॉक्टरांचा सल्ला मी अक्षरशः पाळला. शहरातून निघालो तो पायथ्याला न थांबता वेगात चढू लागलो. दुसरे वळण गेले, तिसरे गेले. वाफ आली, तरी मी पाय उचलला नाही. वाटले, हवालदारांना कऱ्हाडला सांगता येईल की गाडी सोडली नाही आणि मेलीही नाही. चौथ्या वळणाच्या अलीकडे एंजिनातून काठी मोडल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. एका गाडीवानाने आपले बैल जुंपून ती खाली आणली. भर बाजारातून ती मिरवणूक घरापर्यंत गेली. मोटारमिस्त्रीने दुसऱ्या दिवशी निदान केले. एंजिनावरचे लोखंडी झाकण, ज्याला हेड म्हणतात, त्याला आरपार तडा गेला होता. तसले हेड पुण्यात नव्हते, मुंबईत नव्हते. ते एकाच जागी होते. हवालदारांना त्यांच्या लष्करातल्या साहेबाने गाडीबरोबर एक जादा हेड दिले होते, हे त्यांनीच आम्हाला कधीतरी सांगितले होते.

म्हणजे गाडी वाचवायची तर ज्याला ती मेलेली हवी होती त्याच्यापुढेच हात पसरायचा. मी काही दिवस गेलोच नाही. घरी मी याच विषयावर बोलत राही. हवालदार काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणावे, त्यामागे त्यांचा कोणता डाव असेल. पत्नी भाजी निवडत ऐकत असे. एकदा ती म्हणाली, “तुम्हाला त्यांना प्रश्न विचारायचे आहेत, की उत्तरंही तुम्हीच देणार आहात?” त्यानंतर मी मोटारबसने पलूसला गेलो.

हवालदारांचे घर उसाच्या मळ्यातच होते. दारात लिंबाखाली त्यांची गाडी उभी होती. बॉनेटचे दोन्ही पाखे वर उचललेले आणि आतून कढत लोखंडाचा वास येत होता. हवालदार उघड्या अंगाने बाजेवर बसून वारा घेत होते. मला पाहून त्यांना नवल वाटले नाही, निदान दिसले तरी नाही. त्यांनी पाणी मागवले. मी सांगली गाठायची म्हणून निघालो होतो, वाटेत आलो, असे काहीतरी खोटे बोललो. ते म्हणाले, “बसा. मीबी आत्ताच तासगावास्नं आलोय. गाडी सोडलीय, निवंल तवर च्या घ्या. मग सांगलीला मीच सोडतो तुमास्नी.”

मी पाण्याचे भांडे खाली ठेवले. मी विचारले, “काय म्हणालात? गाडी काय केलीय?”

“सोडलीय की,” ते म्हणाले आणि माझ्या मागे बोट दाखवले. मळ्याच्या वाटेवर एक गडी उसाची गाडी थांबवून जू उतरवत होता. सुटलेले बैल हौदाकडे चालले होते. “ती बी सोडली, ही बी सोडली. बैल न्हाई का दमत चढाला?”

ज्या गाडीला बैल असतात तिला जुंपतात आणि सोडतात. हे मला लहानपणापासून माहीत होते. साक्षीपुराव्यात मी ते शेकडो वेळा ऐकले होते, की अमुक ओढ्यावर गाडी सोडली, तिथे भाकरी खाल्ली. चढाच्या पायथ्याला गाडी सोडायची, जनावराला दम घेऊ द्यायचा, पाणी पाजायचे, मग पुन्हा जुंपायचे. हवालदारांनी मोटारीला तोच शब्द लावला होता. मी मात्र मोटार म्हटल्यावर शहरातला शब्द ऐकला. त्यांनी मग समजावून सांगितले की आपल्या या गाड्यांना पाणी फिरवणारा पंपच नाही. तापलेले पाणी आपोआप वर जाते आणि निवलेले खाली येते. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि बॉनेटच्या फटीही आतली उष्णता बाहेर जावी म्हणूनच. डॉक्टरांच्या गाडीला पंप आहे, त्यांचे खरे, पण त्यांच्या गाडीपुरते.

मी सगळे सांगून टाकले. घाट, आवाज, हेड, आणि कऱ्हाडला मी काय समजलो होतो तेही. ते हसले, पण थोडेच. मला वाटले, आता मन मोकळे होईल. ते झाले नाही, कारण मी वकिलाच्या सवयीने एक प्रश्न जास्त विचारला.

“म्हणजे तुम्हाला माझी गाडी नको होती?”

“हवी हुती की,” हवालदार म्हणाले. “पयल्या दिसापासनं हवी हाय. पर मागायची असती तर त्वांडानं मागितली असती. आडून न्हाई.”

माझा पुरावा खोटा होता आणि आरोप खरा होता. अशा खटल्यात काय निकाल द्यावा, हे मला कुणी शिकवले नव्हते.

हेड द्यायला ते तयार झाले. फक्त बरोबर नेऊ देईनात, मीच येऊन बसवतो म्हणाले. आले तेव्हा सकाळपासून अंगणात बॉनेटखाली वाकून होते. जुने हेड काढल्यावर त्यांनी आत बोट फिरवले आणि म्हणाले, सिलिंडरला ओरखडे आहेत, आणखी एक उन्हाळा काढील, फार तर दोन. मी वाकून पाहिले. मला सगळे काळे आणि गुळगुळीत दिसले. ओरखडे होते, की गाडीची किंमत माझ्या मनात उतरावी म्हणून सांगितले होते, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही माहीत नाही. हेडबद्दल त्यांनी काही घेतले नाही. पत्नीने वाढलेले पिठले-भाकरी जेवले आणि म्हणाले, “आता हिच्यात माझाबी जीव हाय.” फुकट दिलेल्या वस्तूवरचा देणाऱ्याचा हक्क नेमका कुठे संपतो, याचा मी जेवणभर विचार करीत होतो.

संध्याकाळी उन्हे कलल्यावर आम्ही घाटाकडे निघालो. पायथ्याला मी न सांगता गाडी उभी केली, बॉनेटचे पाखे वर केले आणि आम्ही दोघे रस्त्याकडेच्या मोरीवर बसलो. पाणी आत गुरगुरत होते. ते शांत होईपर्यंत हवालदारांनी तंबाखू मळली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आता त्वांडानं मागतो. देता का?”

“नाही,” मी म्हणालो. “हवं तर तुमचं हेड काढून न्या.”

“हितं? आन मग वर काय बैल लावून जाणार?” ते म्हणाले. “ऱ्हाऊ द्या. उठा, निवली.”

गाडी चढू लागली. दुसऱ्या वळणावर वाफ आली नाही. तिसऱ्याच्या आधी हवालदार म्हणाले, “हितंच दुसऱ्यात घाला. वळणात न्हाई, आदीच.” त्यांचा सल्ला एंजिनासाठी होता, की गिअरचे दात झिजावेत म्हणून, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो आला याची मला लाज वाटली आणि लाज वाटूनही तो गेला नाही. मी दुसऱ्यात घातली. गाडीने ओढ घेतली आणि वळण सहज मागे टाकले. शेजारी हवालदार एक हात दाराबाहेर सोडून बसले होते. पत्र्यावर पंजा पालथा ठेवून ते एंजिनाचा आवाज ऐकत होते आणि मी रस्त्यापेक्षा त्या पंजाकडे जास्त पाहत पठारापर्यंत गेलो.