प्लॅन्टच्या जुन्या आयडीवरून आलेला मेल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. त्यात मी कॉम्प्युटरवाला... मेल आपोआप येत नसतो, कुणीतरी तो पाठवावा लागतो, एवढं मला पक्कं कळतं. म्हणूनच हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

२००८ सालची गोष्ट. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी सिस्टिम सांभाळायचो. मेलचा सर्व्हर कंपनीचा स्वतःचा, लॅबशेजारच्या खोलीत. कांबळेकाका शिफ्ट इन्चार्ज. त्यांना टायपिंग येत नसे. शिफ्ट संपली की माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते सांगायचे आणि मी प्लॅन्टच्या आयडीवरून, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून, मॅनेजरसाहेबांना पाठवायचो. शेवटी पत्रासारखं 'कळावे' लिहायलाच लावायचे. मी चिडवायचो, काका, वर 'तीर्थरूप' पण टाकू का? नुसते हसायचे.

एका सोमवारी त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं — दोन नंबर रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व्ह लीक आहे, बदलल्याशिवाय चालू करू नये. गुरुवारी त्याच व्हॉल्व्हमधून गॅस सुटला आणि काका गेले.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, कांबळेंनी व्हॉल्व्ह तपासलाच नव्हता, चूक त्यांचीच. मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ऐसा कोई मेल आया था क्या?"

बायकोला सातवा महिना होता. मी म्हटलं, "नहीं सर."

काकी वांगणीहून मला भेटायला बदलापूरला घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, ते रोज तुमच्याकडूनच लिहून घ्यायचे ना? काहीतरी बोलले असतील की." मी चहाच्या कपाकडे बघत 'आठवत नाही' म्हणालो. लाज वाटत होती, तरी म्हणालो.

पंधरा दिवसांत फर्मान निघालं — स्वतःचा सर्व्हर बंद, मेलचं काम बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे. सगळ्यांना नव्या आयडी, जुनं काहीही न्यायचं नाही. सर्व्हर तर ठणठणीत होता, मग एवढी घाई कशाला? पाणी कुठे मुरतंय ते मला कळत होतं. तरी साहेबांच्या देखत डिस्क मीच फॉरमॅट केली. मशीन उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे गेलं.

नवीन मेल सुरू झाला त्या दुपारी शिफ्टच्या लोकांसकट सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. साहेबांनी प्रोजेक्टरवर स्वतःचा इनबॉक्स उघडला. तो तासाभरापूर्वी मीच तयार केलेला, रिकामा असायला हवा. त्यात एक मेल होता. साहेबांना वाटलं असेल नव्या कंपनीचा वेलकम मेल, न बघताच क्लिक केलं.

प्लॅन्टची जुनी आयडी. तारीख त्या सोमवारची. शब्दन् शब्द मी टाइप केलेला, आणि खाली 'कळावे'.

मग मागून एका ऑपरेटरने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. साहेब मला बाहेर घेऊन गेले.

"कॉपी रखी थी तूने?"

"नहीं सर." या वेळी ते खरं होतं.

मेलवाल्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं, जुना डेटा घेतलेला नाही, असा मेल पोचल्याची नोंदही नाही. पण इनबॉक्समध्ये तो होता... पन्नास जणांनी वाचला होता. प्रिंट चौकशीत गेली आणि चूक काकांची नव्हती हे कागदावर आलं. माझी नोकरी त्यानंतर दोन महिने टिकली.

कंपनीत सगळ्यांचा संशय माझ्यावरच. काकींचाही. भेटल्या की हात हातात घेतात, म्हणतात, "तुम्ही जपून ठेवलंत म्हणून त्यांच्यावरचा डाग गेला." एकदा सगळं खरं सांगून टाकलं, त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

तो मेल कुठून आला, मला आजही माहीत नाही. मीच पाठवला असता तर किती बरं झालं असतं... पण तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.